एका तासाचा अंधार आणि उरलेले ८,७५९ तास

प्रश्न : दरवर्षी मार्चमधल्या एका शनिवारी आमच्या सोसायटीत रात्री साडेआठ ते साडेनऊ सगळे दिवे बंद ठेवतात. आम्ही गच्चीवर मेणबत्त्या लावतो, मुलं गाणी म्हणतात, छान वाटतं. यंदा माझ्या सासऱ्यांनी विचारलं, "याने वीज किती वाचली?" आणि कुणालाच सांगता आलं नाही. खरंच किती वाचते? त्या तासात कुठे कोळसा कमी जळतो का? टीव्ही बटणापासून बंद करा, चार्जर काढून ठेवा असं जे रोज सांगतात, त्यातलं खरंच उपयोगाचं काय? आणि फ्रीज रात्री बंद ठेवावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या सासऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देता येतं, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. आज बहुतेक घरांत एलईडी दिवे आहेत. रात्री साडेआठला एका घरात पाच दिवे लागलेले असतात असं धरू, प्रत्येकी ९ वॅटचे. एकूण ४५ वॅट. तासभर बंद ठेवले तर ०.०४५ युनिट वाचतं. युनिटला ८ रुपये धरले तर छत्तीस पैसे. सोसायटीत साठ घरं असतील आणि साठच्या साठ घरांनी हा तास पाळला, तर सगळ्यांची मिळून बचत २.७ युनिट. आता दुसरा हिशेब मांडू. थंडीत २० अंशांवर असलेलं पाणी १५ लिटरच्या गिझरमध्ये ६० अंशांपर्यंत तापवायला साधारण ०.७ युनिट लागतं. म्हणजे साठ घरांनी तासभर अंधारात बसून जे वाचवलं, ते चार घरांत एकेकदा गिझर तापवण्याइतकं आहे.

मेणबत्त्यांमुळे तर हिशेब उलटाच होतो. बाजारातली साधी मेणबत्ती पॅराफिनची, म्हणजे खनिज तेलापासून केलेली असते. तासाला तिचं साधारण ५ ते ७ ग्रॅम मेण जळतं आणि त्यातून १५ ते २० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्याकडची बरीचशी वीज कोळशावर होते हे धरूनही, ९ वॅटचा एलईडी तासभर लावला तर वाट्याला येतो सहा-सात ग्रॅम. एका मेणबत्तीच्या बदल्यात दोन-तीन दिवे तासभर चालले असते आणि उजेड कितीतरी पटींनी जास्त मिळाला असता. गच्चीवर बसायचंच असेल तर मेणबत्त्यांऐवजी गोडेतेलाच्या चार पणत्या लावा, किंवा नुसतं चांदण्यात बसा.

हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा चित्र वेगळं होतं. ३१ मार्च २००७ रोजी ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गरक्षण संस्थेने पहिला 'अर्थ अवर' पाळला, संध्याकाळी साडेसात ते साडेआठ. आयोजकांच्या म्हणण्याप्रमाणे २२ लाख लोकांनी भाग घेतला. पुढच्या वर्षी तो इतर देशांत गेला आणि २००९ मध्ये भारतात आला. त्या काळी घरात ६० वॅटचे पिवळे बल्ब सर्रास असत. असे पाच बल्ब म्हणजे ३०० वॅट, आजच्या जवळजवळ सातपट. दिवा मालवणं ही तेव्हा बऱ्यापैकी बचत होती.

मग बल्बच बदलला. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची उजाला योजना आली. ईईएसएल या सरकारी कंपनीने एलईडी बल्ब घाऊक विकत घेतले, त्यामुळे २०१४ मध्ये जो बल्ब तिला ३१० रुपयांना पडत होता तो दोन वर्षांत ३८ रुपयांवर आला. या योजनेत ३६ कोटींहून जास्त बल्ब घरोघरी गेले. होल्डरमधला जुना बल्ब काढून नवा लावायला दोन मिनिटं लागली. त्या दोन मिनिटांची बचत त्यानंतरच्या प्रत्येक संध्याकाळी आपोआप होत राहिली, कुणाला आठवण ठेवावी लागली नाही. टिकाऊ बचत कशी असते हे समजून घ्यायला मला तरी याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

आता कोळशाचं. वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणं अजून महाग आहे. म्हणून ज्या क्षणी जितकी मागणी, त्या क्षणी तितकीच निर्मिती, असा मेळ विजेच्या जाळ्याला सतत घालावा लागतो. मेळ बसला की वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास राहते. मागणी एकदम घसरली तर काय होतं, हे आपण ५ एप्रिल २०२० च्या रात्री पाहिलं. टाळेबंदीत एकजूट दाखवण्यासाठी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं घरातले दिवे मालवायचं पंतप्रधानांचं आवाहन होतं. वीजबचत हा त्यामागचा हेतूच नव्हता, पण विजेच्या दृष्टीने तो एक प्रचंड प्रयोग ठरला. मागणी बारा-तेरा हजार मेगावॅटनी उतरेल असा राष्ट्रीय भार प्रेषण केंद्राचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती वीस मिनिटांत सुमारे १,१७,३०० मेगावॅटवरून ८५,३०० मेगावॅटवर आली. हा ३२,००० मेगावॅटचा धक्का मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी झेलला. पावणेनऊला ती २५,५०० मेगावॅटच्या वर वीज देत होती, नऊ वाजून दहा मिनिटांनी ८,००० मेगावॅटवर आली. पाण्याचं टर्बाइन काही मिनिटांत भार घेतं आणि सोडतं. आपली कोयना संध्याकाळच्या वाढत्या मागणीला धावून येते ती याच गुणामुळे. कोळशाच्या बॉयलरचं तसं नसतं. तो तासाभरासाठी विझवून पुन्हा पेटवता येत नाही, फक्त एका मर्यादेपर्यंत मंद करता येतो.

त्या रात्रीच्या बचतीचाही हिशेब करून पाहू. पूर्ण ३२,००० मेगावॅट नऊ मिनिटं वाचले असं धरलं तरी होतात ४८ लाख युनिट. टाळेबंदीत कारखाने बंद असूनही देश तेव्हा दिवसाला २५० कोटींहून जास्त युनिट वापरत होता.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं : एका शनिवारच्या एका तासाने कोळसा जवळजवळ वाचत नाही. मागणी रोज, वर्षभर थोडी कमी राहिली तर मात्र वाचतो. कारण कोणतं केंद्र किती चालवायचं, नवं बांधायचं की नाही, हे त्या कायमच्या मागणीवरून ठरतं.

लोकांची सवय खरंच बदलते का, आणि बदलली तर टिकते का, याची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. अमेरिकेतल्या अलास्का राज्यात जुनो हे तीसेक हजार वस्तीचं राजधानीचं गाव आहे. त्याची बहुतेक वीज डोंगरापलीकडच्या जलविद्युत केंद्रातून येते. १६ एप्रिल २००८ रोजी हिमस्खलन झालं आणि वीजवाहिनीचे मनोरे कोसळले. गाव डिझेलच्या जनित्रांवर आलं आणि विजेचा दर जवळपास पाचपट झाला. काही आठवड्यांतच तिथला वीजवापर सुमारे पाव हिश्शाने उतरला. लोकांनी बल्ब बदलले, कपडे ड्रायरमधून काढून दोरीवर वाळत घातले, न वापरातली यंत्रं प्लगपासून बंद केली. दीड महिन्याने वाहिनी दुरुस्त झाली, दर खाली आले. त्यानंतर अभ्यासकांनी पाहिलं तर वापर आधीच्या पातळीवर परत गेलाच नव्हता. सुमारे ८ टक्के बचत तशीच राहिली होती. निकडीपोटी केलेल्या पाव हिश्शातला मोठा भाग गळून गेला हे खरं, पण जे उरलं ते कुणी न सांगता उरलं. बदललेला बल्ब परत कोण काढणार?

आपल्या मातीतही असा प्रयोग झाला आहे, आणि तो विसरला गेला याचं मला वाईट वाटतं. २००५ च्या सुमारास महाराष्ट्रात भारनियमनाने कहर केला होता. गावांत ऐन संध्याकाळी वीज जायची, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास अंधारात. तेव्हा महावितरणने 'अक्षय प्रकाश' योजना आणली. गावाने एकत्र बसून ठरवायचं की संध्याकाळच्या ठरावीक तासांत शेतीपंप, गिरण्या, शेगड्या चालवायच्या नाहीत, तारांवरचे आकडे काढायचे, घरात फक्त दिवे, पंखे, टीव्ही. फीडरवरचा, म्हणजे गावाला वीज देणाऱ्या वाहिनीवरचा, भार ठरलेल्या मर्यादेत राहिला तर त्या वेळी गावाची वीज जाणार नाही. सरकारी आवाहनाला सहसा न मिळणारा प्रतिसाद या योजनेला अनेक गावांत मिळाला, कारण शब्द पाळल्याचं फळ त्याच संध्याकाळी डोळ्यांसमोर होतं. मोडला तर कुणाच्या पंपामुळे दिवे गेले, हेही गावाला ठाऊक. पुढे गावठाण फीडर शेतीपंपांच्या फीडरपासून वेगळे झाले आणि गावकऱ्यांनी जे राखणीने साधलं होतं ते तारांच्या नव्या जोडणीने साधलं.

घरातही मला हेच दिसतं. "दिवा बंद कर, पंखा बंद कर" असं दिवसभर ओरडत राहणाऱ्या माणसाच्या जिवावर चाललेली बचत त्या माणसाच्या उत्साहाइतकीच टिकते. घरात कुरबुर होते ती वेगळीच. एकदाच करून विसरता येईल अशी गोष्ट, किंवा आधीपासून अंगवळणी पडलेल्या कामाला जोडलेली गोष्ट वर्षानुवर्षं चालते. कुकरचंच घ्या. खाली डाळीचा डबा, वर भाताचा, त्यावर बटाटे, तिन्ही एकाच गॅसवर. याला कुणी इंधनबचत म्हणत नाही, पण घरोघरी ती रोज होते. तिला आणखी दोन गोष्टी जोडता येतात. तूरडाळ अर्धा-पाऊण तास आधी भिजत घाला. आणि पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा. आतलं तापमान दाबामुळे १२० अंशांच्या आसपास असतं आणि मंद आचेवरही ते तसंच राहतं. मोठ्या आचेवर एकामागून एक शिट्ट्या झाल्या तर डाळ लवकर शिजत नाही, नुसती वाफ जाते आणि तिच्यासोबत गॅस.

कुठे किती वीज जाते हे समजायला मात्र घरातच एक उत्तम साधन आहे आणि आपण त्याच्याकडे फक्त बिल वाढल्यावर पाहतो : तुमचा मीटर. त्यावर एक बारीक तांबडा दिवा लुकलुकत असतो. शेजारी एका युनिटला किती लुकलुकी हे छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३२००. तसा मीटर असेल तर एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजा आणि १९ ने गुणा. त्या क्षणी घर किती वॅट ओढतंय ते कळेल. १६०० लिहिलं असेल तर ३८ ने गुणा. हात लावायची गरज नाही, फक्त पाहायचं.

पाच एलईडी लावले की हा दिवा मिनिटात दोन-तीनदा लुकलुकतो. एक जुना पंखा लावला की चारदा. दीड टनाचा एसी पूर्ण जोराने चालू असेल तर ऐंशीच्या आसपास, आणि दोन किलोवॅटचा गिझर सुरू केला की शंभराच्या वर, मोजता मोजता चुकायला होतं. मला कुठल्याही तक्त्यापेक्षा हे पाहणं जास्त बोलकं वाटतं. ज्या वस्तू उजेड देतात त्या मीटरला जवळपास जाणवत नाहीत, आणि ज्या गरम किंवा थंड करतात त्या त्याला पळवतात.

हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचा निकाल लागतो. चार्जरची काळजी सोडून द्या. मोबाइलचा चांगल्या प्रतीचा आजचा चार्जर मोकळाच लटकत राहिला तर वर्षाला दोन-तीन युनिटच खातो. नव्या टीव्हीचंही, रिमोटने बंद केल्यावर, फारसं काही जात नाही. त्याच्याखालचा सेट-टॉप बॉक्स मात्र पाहण्यासारखा आहे. रिमोटने 'बंद' केला तरी तो आत जागाच असतो. १० वॅट धरले आणि दिवसाचे अठरा तास तो नुसता तसा पडून राहिला, तर वर्षाला ६५ युनिट होतात. तो बटणापासून बंद होत नाही याचं कारण आळस नसतं. बटण टीव्हीच्या फळीमागे असतं, हात पोचत नाही. बटणाचा एक्स्टेंशन बोर्ड आणून हाताशी येईल असा ठोका. रात्री दाराची कडी लावायला जाताना वाटेत तो दाबला जाईल, इतक्या जवळ.

पंख्यावर मी जास्त वेळ घालवतो, कारण आपल्या घरांत सगळ्यात जास्त तास तोच चालतो. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो. नव्या बीएलडीसी मोटरचा तेवढाच वारा ३० ते ३५ वॅटमध्ये देतो. ४० वॅटचा फरक, दिवसाला बारा तास, वर्षाचे नऊ महिने, म्हणजे एका पंख्यामागे जवळपास १३० युनिट. आठ रुपयांच्या हिशेबाने हजार रुपये. दोन-अडीच वर्षांत पंखा स्वतःची किंमत फेडतो. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचं लेबल सक्तीचं आहे, घेताना ते बघा. सगळे एकदम बदलायची घाई करू नका. ज्या खोलीत रात्रभर चालतो तिथला आधी बदला. आणि पंखा खोली थंड करत नाही हे मुलांना समजावून सांगा. तो अंगावरच्या घामाला वारा देऊन आपल्याला गार वाटायला लावतो. रिकाम्या खोलीत तो हवा फिरवतो आणि मोटरची थोडी उष्णताच सोडतो. कारण कळलं की मुलं पंखा स्वतःहून बंद करतात, ओरडून करत नाहीत.

गिझरबाबत माझा आग्रह थोडा कडक आहे. त्याची तापमानाची कळ बहुतेक घरांत बसवणाऱ्याने लावून दिली तिथेच राहते, ६० किंवा त्याहून वर. आपण ते कढत पाणी काढतो आणि बादलीत निम्मं गार पाणी घालतो. गिझरचं बटण सकाळभर चालू राहत असेल तर टाकीच्या भिंतीतून उष्णता जात राहते आणि तो पुन:पुन्हा तापत राहतो. पाणी जितकं जास्त तापवून ठेवाल तितकं हे नुकसान मोठं. सगळ्यांच्या आंघोळी लागोपाठ उरका आणि शेवटच्याने बटण बंद करायचं, हा नियम पाळायला सोपा आहे, कारण शेवटचा कोण हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. गच्ची सोसायटीची असेल तर सौर बंबाचा विषय सभेत जरूर काढा. आपल्याकडे वर्षातला मोठा काळ ऊन कडक असतं, आणि कढत पाण्यासाठी त्याहून स्वस्त इंधन नाही.

एसी असेल तर तो २४ अंशांवर ठेवून पंखा मंद लावा. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक अंश वर नेल्याने साधारण ६ टक्के वीज वाचते, आणि २०२० पासून नव्या एसीत २४ अंश हीच सुरुवातीची कळ ठरवून दिलेली आहे. घरगुती बिलात १०० युनिटांपुढे, मग ३०० आणि ५०० पुढे दर चढत जातो, त्यामुळे उन्हाळ्यात वाचवलेली वरची युनिटं सगळ्यात महागाची असतात.

मग शनिवारचा तास बंद करावा का? माझ्या मते करू नये. एरवी दारं लावून बसणारी साठ घरं एका गच्चीवर येतात, ही संधी विजेच्या हिशेबापेक्षा मोठी आहे. तिचा उपयोग मात्र करून घ्या. त्या रात्री मुलांना टॉर्च देऊन मीटरच्या खोलीत न्या. सगळे दिवे मालवलेले असतानाही कुणाचा मीटर किती पळतो आहे ते त्यांनाच मोजू द्या. आणि सोसायटीचा सामायिक मीटर आठवणीने दाखवा. पाण्याचा ५ अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण ४ युनिट घेतो. वरची टाकी भरून पाणी वाहत राहिलं आणि पंप चाळीस मिनिटं उगाच चालला, तर तुमच्या साठ घरांचा अख्खा तास तिथे खर्ची पडला. टाकी भरली की पंप आपोआप थांबवणारं सेन्सरचं यंत्र काही फार महाग नसतं. पुढच्या शनिवारपर्यंत ते बसवायचं असा ठराव त्याच गच्चीवर करता येईल, आणि सासऱ्यांना सांगायला आकडाही हाती राहील.

राहिला फ्रीज. तो रात्री बंद ठेवू नका. सकाळी सुरू केल्यावर आतलं सगळं पुन्हा गार करायला त्याला जास्त वेळ चालावं लागतं, वाचलेलं बरंचसं तिथेच जातं, आणि दूध-भाजी खराब होण्याचा धोका वेगळा. त्यापेक्षा तो भिंतीपासून वीतभर पुढे ओढा म्हणजे मागची उष्णता निघून जाईल, गरम आमटीचं पातेलं तसंच आत ठेवू नका, आणि दाराची रबरी पट्टी तपासा. दहा रुपयांची नोट दारात अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तर पट्टी सैल झाली आहे. ती वेगळी विकत मिळते, त्यासाठी नवा फ्रीज घ्यावा लागत नाही.